१७९८ची रेघ आणि ग्रेचं सुनीत

इंग्रजी कवितेतला नवअभिजाततावाद (निओक्लासिसिझम, पोप-जॉन्सनची परंपरा) आणि त्यानंतरचा स्वच्छंदतावाद (रोमँटिसिझम, वर्ड्सवर्थ-कोलरिजची) यांतला फरक परीक्षेत लिहायचा तर प्रश्न दोन आहेत. नवअभिजाततावाद १७९८ साली, ‘लिरिकल बॅलड्स’ हा संग्रह निघाला तेव्हा, संपला म्हटलं तर ग्रे, बर्न्स, ब्लेक यांना कुठे बसवायचं? आणि ‘बुद्धी विरुद्ध भावना’ यापलीकडे उत्तरात लिहायचं काय?

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण तो सुटला की पहिल्याची धार कमी होते. ‘बुद्धी विरुद्ध भावना’ हे सूत्र अगदीच खोटं नाही, पण समोर आलेली अनोळखी कविता ओळखायला ते काडीच्या उपयोगाचं नाही. पोपची ‘एलोइसा टू एबलार्ड’ १७१७ची, आणि ती विरहाने नुसती धगधगते आहे. उलट ‘लिरिकल बॅलड्स’च्या प्रस्तावनेतलं वर्ड्सवर्थचं ‘प्रबळ भावनांचा उत्स्फूर्त ओघ’ हे वाक्य सगळे पाठ करतात, पण लगेच पुढे तो काय म्हणतो ते सोडून देतात: मोलाच्या कविता अशाच माणसाने लिहिल्या, ज्याने दीर्घ आणि खोल विचारही केलेला होता. त्याच प्रस्तावनेत पुढे ‘शांतपणे आठवलेली भावना’ येते. अर्धं वाक्य उद्धृत केलं की वर्ड्सवर्थ भाबडा वाटायला लागतो, आणि परीक्षकाला ते लगेच कळतं.

तेव्हा फरक ओळीत शोधा. यासाठी सगळ्यात चांगला नमुना वर्ड्सवर्थनेच देऊन ठेवला आहे. ग्रेचा मित्र रिचर्ड वेस्ट १७४२ साली वारला, त्यावर ग्रेने एक सुनीत लिहिलं. १८००च्या प्रस्तावनेत वर्ड्सवर्थ ते अख्खं उतरवून घेतो आणि १४ ओळींपैकी फक्त पाच मोलाच्या ठरवतो: सहावी, सातवी, आठवी, तेरावी आणि चौदावी. पुस्तक उघडून त्या पाच ओळींवर पेन्सिलीने खूण करा, मग उरलेल्या नऊ वाचा. उरलेल्यांत सकाळ ‘हसते’, सूर्याच्या जागी आरक्त फीबस (ग्रीक सूर्यदेव) आपला सोनेरी अग्नी उचलतो, शेतं हिरवा ‘पोशाख’ चढवतात. खूण केलेल्या ओळींत काय आहे? माझं एकाकी दुःख माझ्याखेरीज कुणाचंच काळीज वितळवत नाही. ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी मी शोक करतो, आणि रडणं व्यर्थ आहे म्हणूनच अधिक रडतो. यमक आणि एक ‘फ्रूटलेस’ (निष्फळ) हा शब्द सोडला तर या ओळींची भाषा गद्यापेक्षा कशातही वेगळी नाही, असं वर्ड्सवर्थचं म्हणणं. ग्रेचं मत नेमकं उलट होतं: चालू काळाची भाषा ही कवितेची भाषा कधीच नसते, असं त्याने १७४२च्या पत्रात वेस्टलाच लिहिलं होतं. सगळा वाद या एका सुनीतात सापडतो.

पण इथे थांबलात तर निम्मंच उत्तर झालं. ‘लिरिकल बॅलड्स’मधला वर्ड्सवर्थचा जोडीदार कोलरिज याने १८१७च्या ‘बायोग्राफिया लिटरेरिया’ या समीक्षाग्रंथात हेच सुनीत पुन्हा हातात घेतलं. फीबसच्या ओळीत जितके शब्द तितकेच जवळजवळ दोष आहेत, हे त्याला मान्य. पण ती गद्याहून वेगळी आहे म्हणून वाईट नव्हे, तर तिच्यातल्या प्रतिमा एकमेकींशी जुळत नाहीत, खरी वस्तू आणि तिचं मानवी रूप यांची तिच्यात गल्लत आहे, थोडक्यात ती सुज्ञपणाच्या भाषेला सोडून आहे. ‘सुज्ञपणा’ ही कसोटी पोपनेही आनंदाने लावली असती! दोन पिढ्यांमध्ये भिंत उभी करणाऱ्यांनी हा उतारा जरूर वाचावा.

पुढची खूण: सामान्य की विशिष्ट. जॉन्सनच्या ‘रासेलस’ या गद्यकथेत (१७५९) इम्लॅक हे पात्र सांगतं की कवीने ट्यूलिपवरच्या रेषा मोजायच्या नसतात, जातीचे ठळक गुण तेवढे टिपायचे. उलट चित्रकार रेनॉल्ड्सच्या कलेवरच्या व्याख्यानांच्या आपल्या प्रतीत समासात ब्लेक लिहितो की सामान्यीकरण करणं म्हणजे मूर्ख असणं. (समासातला ब्लेक छापील ब्लेकपेक्षा जास्त रोखठोक आहे.) ‘नेचर’ हा शब्द दोन्हीकडे येतो, तिथेच बरेच जण घसरतात. पोप १७११च्या ‘एसे ऑन क्रिटिसिझम’मध्ये ‘निसर्गाचं अनुसरण करा’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात झाडंझुडपं नसतात, विश्वाची आणि माणसाच्या स्वभावाची सार्वत्रिक व्यवस्था असते. प्राचीनांचे नियम म्हणजे नीट मांडलेला निसर्गच. वर्ड्सवर्थकडे मात्र वाय नदीचा ठरावीक काठ असतो. ‘टिंटर्न अॅबी’चं पूर्ण शीर्षक पाहा: जागा, दुसऱ्यांदा आल्याचा उल्लेख, वर १३ जुलै १७९८ ही तारीख. असं शीर्षक हाच तुमचा पुरावा.

वृत्ताबद्दल थोडक्यात. पोपच्या हिरोइक कप्लेटमध्ये दहा अक्षरांच्या दोन ओळी, यमक जुळलं की बहुधा अर्थही तिथेच बंद, यती मधल्या अक्षरांच्या आसपास, दोन्ही बाजू तराजूत तोललेल्या. कीट्सने १८१७मध्ये ‘स्लीप अँड पोएट्री’त याची टर उडवली: ही मंडळी डुलत्या लाकडी घोड्यावर बसली आणि त्यालाच पेगॅसस (काव्यस्फूर्तीचा पंखवाला घोडा) समजली. म्हणून ‘रोमँटिकांनी कप्लेट टाकून दिलं’ असं मात्र लिहू नका. कीट्सचं ‘एंडिमिअन’ (१८१८) कप्लेटमध्येच आहे, फक्त वाक्य यमकापाशी न थांबता पुढच्या ओळीत सांडतं. बायरनने १८०९मध्ये समकालीनांना झोडपलं तेही कप्लेटमध्येच. पोपवरची त्याची भक्ती शेवटपर्यंत टिकली.

आता १७९८. ‘लिरिकल बॅलड्स’ त्या साली निनावी निघालं: २३ कविता, त्यातल्या चार कोलरिजच्या. पण त्या आवृत्तीत एक छोटं निवेदन आहे, प्रसिद्ध प्रस्तावना नाही. ती १८००च्या आवृत्तीत आली आणि १८०२मध्ये वाढवली गेली; ‘कवी म्हणजे काय’ हा भाग १८०२चा. तयार नोट्समध्ये ही तीन सालं सर्रास एकात एक मिसळलेली असतात.

थॉमसनचं ‘विंटर’ १७२६चं, पर्सीने जुन्या बॅलड्स जमवून छापल्या १७६५मध्ये, बर्न्सचा किल्मार्नॉकचा संग्रह १७८६चा, ब्लेकची ‘साँग्ज ऑफ इनोसन्स’ १७८९ची. यांना ‘पूर्व-रोमँटिक’ म्हणायची सोय आहे, पण त्यात हे सगळे १७९८ची गाडी पकडायला निघाले होते असं गृहीत धरलं जातं. ग्रे विषयाने पुढे आणि शब्दांनी मागे आहे, एवढंच म्हणणं जास्त प्रामाणिक. नियम मोडणारेही एकाच बाजूला नव्हते: नाटकातल्या काल आणि स्थल यांच्या ऐक्याचा (सगळं एका दिवसात, एकाच जागी घडावं असा) आग्रह १७६५च्या शेक्सपिअर-प्रस्तावनेत मोडीत काढला तो खुद्द जॉन्सनने.

एक सावधगिरी मराठीपुरती. आपल्याकडे जुन्या समीक्षेत रोमँटिसिझमला ‘सौंदर्यवाद’ही म्हटलेलं सापडतं, आणि हाच शब्द ‘कलेसाठी कला’वाल्या मंडळींनाही लावतात, उत्तरात ‘स्वच्छंदतावाद’च ठेवा. केशवसुतांवर इंग्रजी रोमँटिकांचा प्रभाव आहे, तो दाखवा, पण त्या ओघात मोरोपंतांना मराठीतला पोप करून टाकू नका.

वाचायचा क्रम असा ठेवा: ‘एसे ऑन क्रिटिसिझम’च्या पहिल्या दोनशे ओळी, ग्रेची ‘एलेजी’ ही खेड्यातल्या दफनभूमीवरची कविता पूर्ण (१२८ ओळी), मग १८०२ची प्रस्तावना, ‘टिंटर्न अॅबी’, आणि शेवटी ‘बायोग्राफिया’ची १४, १७ आणि १८ ही प्रकरणं. तेरावं नंतर वाचलंत तरी चालेल. कल्पनाशक्तीची व्याख्या तिथे आहे, पण सुरुवातीलाच त्यात शिरलेले बरेच जण परत येत नाहीत.