एकच सुरी हवी असेल तर

शिकार, मासेमारी आणि स्वयंपाक, सगळ्याला चालेल अशी एकच सुरी कुठली घेऊ, असं विचारलंस ना? अरे, शिकार आधी डोक्यातून काढ. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं ती बंद आहे. तुला सुरी लागणार ती गळाला लागलेला मासा साफ करायला आणि घरी कांदा चिरायला.

पातं ४ ते ५ इंचांचं घे. लांब पात्याचं टोक रोहूचं पोट फाडताना खोल घुसतं, पित्त फुटतं आणि मांस कडूजहर. माझं पहिल्यांदा तसंच झालं. ते कालवण गल्लीतल्या कुत्र्यानंही हुंगून सोडलं.

पातं मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं हवं. लाकडी मूठ दिसते छान, पण माशाच्या बुळबुळीत हातातून निसटते. खरबरीत रबराची बरी. कार्बन स्टीलला धार झकास लागते, पण लिंबू कापून तशीच ठेवलीस की काळे डाग. तू भांडी सिंकमध्ये टाकून झोपणारा, तुला स्टेनलेसच.

पुण्याच्या बोहरी आळीत जा, हातात धरून बघ, फोटोवर भाळू नकोस. उरलेल्या पैशांत धार लावायचा १००० ग्रिटचा (म्हणजे मध्यम दाण्याचा) दगड घे. पातं दगडाशी साधारण २० अंशांत धरून घास, मग टोमॅटोवर तपास: साल न दाबता कापली गेली पाहिजे.

आणि आईची विळी माळ्यावर टाकू नकोस. नारळ खवायला सुरी काय कामाची?