महामंदीच्या काळातील सरकारी सुधारणांमुळे अमेरिकेतील कामगारांच्या हक्कांवर काय परिणाम झाला?

रूझवेल्ट सरकारच्या १९३३ च्या औद्योगिक पुनरुज्जीवन कायद्याने संघटना बांधण्याचा आणि सामूहिक वाटाघाटींचा हक्क दिला खरा, पण अंमलबजावणी दुबळी असल्याने अनेक मालकांनी आपल्याच मुठीतल्या संघटना उभ्या केल्या, आणि मे १९३५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदाच घटनाबाह्य ठरवला.

खरा फरक पडला तो त्याच वर्षी जुलैत आलेल्या वॅग्नर कायद्याने. संघटनेत गेला म्हणून कामगाराला काढून टाकणे बेकायदा ठरले आणि तक्रारी ऐकायला स्वतंत्र मंडळ आले. तरीही हा हक्क नुसत्या कायद्याने पदरात पडला नाही, असे माझे मत आहे: मिशिगन राज्यातील फ्लिंट शहरात जनरल मोटर्स या मोटार कंपनीचे कामगार १९३६-३७ च्या कडाक्याच्या थंडीत ४४ दिवस कारखान्यातच ठाण मांडून, मोटारींच्या गाद्यांवर झोपून राहिले, तेव्हा कंपनीने त्यांच्या संघटनेला मान्यता दिली. एप्रिल १९३७ मध्ये न्यायालयानेही वॅग्नर कायदा वैध ठरवला.

१९३८ च्या कायद्याने तासाला किमान २५ सेंट मजुरी ठरवली आणि आठवड्याला ४४ तासांपलीकडच्या कामाला दीडपट मोबदला दिला. शेतमजूर आणि घरकामगार मात्र वॅग्नर कायदा आणि १९३८ चा कायदा या दोन्हींबाहेर राहिले. दक्षिणेकडील कृष्णवर्णीय कामगारांपैकी बहुसंख्य याच कामांत होते.