गुणपत्रक मागा, पैशांचं नंतर

प्रश्न : आमचा नोंदणीकृत न्यास बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी दिवसभराचं केंद्र चालवतो. महापालिकेने जाहिरात देऊन सेवाभावी संस्थांकडून अनुदानासाठी अर्ज मागवले, १०० गुणांचे निकषही छापले. छाननीत आम्ही वर होतो असं कानावर आलं. स्थायी समितीने मात्र दुसरी संस्था निवडली. समितीतल्या एका सदस्याच्या पत्नी तिथे खजिनदार आहेत. आम्हाला एका ओळीचं पत्र आलं, 'आपला अर्ज मान्य करता येत नाही.' मागच्या अनुदानाचं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) आम्ही चार महिने उशिरा दिलं होतं, हेही सांगते. कोर्टातून अनुदान मिळेल का?

उत्तर : ताई, उशिराची गोष्ट आपणहून सांगितलीत हे बरं केलंत. बहुतेक अशिलांच्या अशा गोष्टी मला समोरच्या वकिलाच्या तोंडून कळतात.

कोर्ट पालिकेला 'यांना इतके रुपये द्या' असं सहसा सांगणार नाही. अनुदान हा मूलभूत हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये उत्तर प्रदेशातल्या अनुदानित शिक्षणसंस्थांच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. पण निकष एकदा स्वतःच छापल्यावर पालिकेला ते बाजूला सारून मर्जीने वाटप करता येत नाही. हा नियम सर्वोच्च न्यायालयाच्या १९७९ च्या रमणा शेट्टी निकालापासून पक्का आहे आणि त्याचं मूळ संविधानाच्या कलम १४ मध्ये, म्हणजे समानतेच्या हक्कात आहे. म्हणजे तुमचा दावा पैशांवर नाही, तुमचा अर्ज छापील निकषांवर तोलला जाण्यावर आहे. याचिकेत मागणीही तेवढीच ठेवायची : नकाराचं पत्र रद्द करा आणि आमचा अर्ज निकषांप्रमाणे पुन्हा तपासा.

त्यासाठी आधी कागद हवा. 'कानावर आलं' या आधारावर मी याचिका दाखल करणार नाही. माहिती अधिकारात सर्व अर्जदारांचं गुणपत्रक, प्रशासनाने समितीपुढे ठेवलेली टिप्पणी, ठराव आणि त्या बैठकीचं इतिवृत्त मागा. शिवाय त्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे अर्थसंकल्पातल्या त्या खर्चाच्या सदराखाली, तरतूद किती होती आणि खर्च किती झाला, तेही विचारा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो, म्हणून कहाणी लिहू नका. यात टिप्पणी सर्वांत मोलाची. तिच्यात तुमची शिफारस असेल आणि समितीने कारण न नोंदवता नाव बदललं असेल, तर तुमची बाजू भक्कम झाली. निर्णयाची झळ बसलेल्याला कारणं कळवणं हे माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार पालिकेचं कामच आहे, तोही उल्लेख करा.

उत्तराला ३० दिवस लागू शकतात. तेवढं थांबू नका, कारण ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपतं आणि पैसे एकदा वाटले गेले की न्यायमूर्तीही विचारतात, 'आता काय उरलं?' आयुक्तांना आजच निवेदन द्या, कारणं मागा, फेरविचार होईपर्यंत रक्कम अदा करू नये असं लिहा आणि पोच घ्या. संविधानाच्या कलम २२६ खाली उच्च न्यायालयात करायच्या या याचिकेला ठरावीक मुदत नाही, पण रेंगाळलेल्या अर्जदाराकडे कोर्ट आपुलकीने बघत नाही.

खजिनदारबाईंचा मुद्दा तुम्हाला सर्वांत मोठा वाटतोय. मला तो सांभाळून वापरावासा वाटतो. निव्वळ नात्यावरून नगरसेवक अपात्र होत नाही. तो त्या बैठकीत बसला होता का, हा खरा प्रश्न आहे. १९६९ च्या क्रैपाक प्रकरणात वनसेवेच्या निवड मंडळातला एक अधिकारी स्वतःच उमेदवार होता. स्वतःच्या नावाच्या वेळी तो चर्चेतून बाजूला राहिला, पण प्रतिस्पर्ध्यांच्या चर्चेत बसला. तेवढ्यावर निवड रद्द झाली. प्रत्यक्ष पक्षपात सिद्ध करावा लागला नाही, त्याची वाजवी शक्यता पुरली. म्हणून इतिवृत्तात हजेरी पाहा. तोपर्यंत निवेदनात 'भ्रष्टाचार' हा शब्द नको.

आता तुमची बाजू. उशिरा प्रमाणपत्र दिलेल्या संस्था अपात्र, अशी अट जाहिरातीत होती का? नसेल आणि पत्रातही ते कारण नसेल, तर पालिका ते मागाहून प्रतिज्ञापत्रात घालून आदेशाला टेकू देऊ शकत नाही. हे सर्वोच्च न्यायालयाच्या मोहिंदरसिंग गिल प्रकरणात ठरलं आहे. मात्र अट असेल तर हे प्रकरण लढवण्यात अर्थ नाही. पुढच्या वर्षीचा अर्ज वेळेत करा.

दिव्यांगांसाठीच्या संस्थेला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली नोंदणी प्रमाणपत्र लागतं, त्याची मुदत तपासा. विश्वस्त बदलले असतील तर धर्मादाय कार्यालयातला बदल अर्ज पाहा, आणि याचिकेसाठी तुम्हाला अधिकार देणारा विश्वस्त मंडळाचा ठराव करून घ्या. हा ठराव नसल्यामुळे चांगली प्रकरणं पहिल्याच तारखेला अडखळलेली मी पाहिली आहेत.

निवड झालेल्या संस्थेला प्रतिवादी करावंच लागेल. लेखाशीर्षात रक्कम शिल्लक असेल, तर त्यांचं अनुदान रद्द करा असं मागू नका. त्या रकमेतून तुमच्या अर्जाचा विचार व्हावा, एवढंच मागा. त्यांच्याकडेही मुलं आहेत, आणि कोर्टाला असा आदेश देणं सोपं जातं.