एका शब्दाने कथेत खरंच इतका फरक पडतो का? योग्य शब्द शोधायचा कसा?

तुम्ही लिहिलंय की आजोबा गेल्यानंतरच्या प्रसंगात 'घर सुनं सुनं वाटत होतं' लिहावं की 'भकास वाटत होतं', यावर आठ दिवस अडला आहात आणि मित्र म्हणतोय, एका शब्दाने काही होत नाही, कथा पुढे ने. मित्राचं ऐकू नका. मीही एका मित्राशी एका शब्दावरून भांडलो होतो, 1994 साली, आणि ते भांडण अजून मिटलेलं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कॉलेजात असताना मी एकांकिका लिहिली होती. चिपळूणजवळच्या गावातलं घर, तिथे बारा वर्षं नांदलेली सून, मुंबईत नोकरी करणारा आणि हळूहळू यायचाच बंद झालेला नवरा. शेवटी ती घर सोडते. कायमचं. पहिल्या खर्ड्यात तिला दीड पानाचं स्वगत होतं. विहीर, सासूचं दुखणं, गणपतीत पाहिलेली वाट, सगळं त्यात आलं होतं. दिग्दर्शक म्हणजे माझा तोच मित्र. त्याला स्वगत फार आवडलं. मागे बासरी आणि तिच्यावर प्रकाशाचा गोल, हेही त्याने ठरवून टाकलं.

तालमीत मात्र ते उभं राहीना. काम करणारी मुलगी चांगली होती, पाठांतर चोख, पण दीड पान म्हणून झालं तरी आम्ही सगळे कोरडेच. एका रात्री मी ते अख्खं स्वगत खोडलं आणि तिथे एक शब्द लिहिला. "जाते."

निघताना आपल्याकडे 'जातो' म्हणत नाहीत हे काही वेगळं सांगायला नको. माझी आजी तर अंगणात पोचलेल्या माणसाला मागे बोलवायची, उंबऱ्याच्या आत उभं करायची, 'येतो' म्हणवून घ्यायची आणि मगच सोडायची. तिच्या घरात बांगडी फुटायची नाही, वाढायची. नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. डबा रिकामा झाला तरी तांदूळ 'संपले' म्हणायचं नाही, 'वाढले' म्हणायचं. फुटणं, संपणं, जाणं तोंडाबाहेर येऊच द्यायचं नाही. पिढ्यान्‌पिढ्या दाबून ठेवलेला असा शब्द कुणी शुद्धीवर राहून उच्चारला, की ऐकणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो.

तुकोबांनी हेच केलंय. 'आम्ही जातो आपुल्या गावा, आमचा रामराम घ्यावा.' तिथे 'येतो' चपखल बसलं असतं, मात्रा सारख्याच आहेत. पण पुढे लगेच 'येथुनियां जन्मतुटी' आहे, त्यानंतर 'येतो' म्हणणं खोटं झालं असतं. शेवटच्या चरणात पुन्हा तेच, 'तुका जातो वैकुंठाला.' कीर्तनात हा अभंग लागला की बायका पदर डोळ्यांना लावतात, तो त्या एका क्रियापदामुळे, असं माझं ठाम मत आहे.

पण नुसता शब्द लिहून भागत नाही, त्याची आधी मशागत करावी लागते. मी मागे जाऊन संहिता पुन्हा लिहिली. पहिल्या प्रवेशात नवरा मुंबईला निघतो, "येतो". पोस्टमन, "येतो काकू". शेजारीण, "येते गं". सून स्वतः पाण्याला निघते, "येते हां". कुणीही त्यावर जोर द्यायचा नाही, सहज म्हणायचं. नवऱ्याचं 'येतो' खोटं होतं, ते प्रेक्षकाला हळूहळू कळतं. आणि शेवटी सुनेचं 'जाते' खरं निघतं.

मित्र म्हणाला, लोकांना कळणार नाही. स्वगत नाही तर निदान चार वाक्यं तरी दे. मी नाही म्हणालो. तीन दिवस आम्ही बोललो नाही. शेवटी त्या मुलीनेच सांगितलं, मी हेच म्हणणार.

प्रयोगाला ती ट्रंक घेऊन उंबऱ्यात थांबली. सासू सुपात तांदूळ निवडत बसलेली, मान खाली. "जाते." सुपातला हात थांबला. आणि अंधारातून, तिसऱ्या-चौथ्या रांगेतून, एका म्हाताऱ्या बाईचा स्पष्ट, घाबरा आवाज आला, "अगं, येते म्हण!"

कुणी हसलं नाही. मुलीने आवाजाच्या दिशेने किंचित मान वळवली, ट्रंक उचलली आणि गेली. मी विंगेत उभा होतो. माझे पाय थरथरत होते.

बक्षीस मिळालं नाही. शेऱ्यात 'शेवट अपुरा वाटतो' असं आलं. मित्र आजही म्हणतो, स्वगत असतं तर करंडक आपला होता. असेलही. मी त्याला एवढंच विचारतो, ज्यांना मिळाला त्यांच्या एकांकिकेतलं एक तरी वाक्य तुला आठवतं का? मग तो विषय बदलतो.

आता तुमचं. 'सुनं सुनं' वापरून वापरून गुळगुळीत झालंय, आणि 'भकास' हा घर बाहेरून बघणाऱ्याचा शब्द आहे. दोन्ही काढा. शब्दकोश मिटून ठेवा. आजोबा असताना घरात रोज कानावर पडणारं आणि आता बंद झालेलं काय आहे, ते आठवा. माझे आजी-आजोबा एका कपातला चहा घ्यायचे, ते बशीत ओतून, ती कपातून. आजोबा गेल्यानंतर कुणी विचारलं की आजी म्हणायची, "मला अर्धा." मला तिच्या दुःखाबद्दल कधी लिहायचं झालं तर 'अर्धा' पुरेल. तुमच्या घरात काय आहे ते मला कसं कळणार? ते तुम्हालाच शोधायला हवं.

एक मात्र आहे, हे सगळीकडे चालत नाही. माझी एकोणीस वर्षांची भाची 'चल, बाय' म्हणून निघते. ती संहिता वाचताना 'जाते'वर क्षणभरही थांबली नाही. हिंदीत करून बघितलं तर शेवट साफ फसला, कारण तिथे 'चलती हूँ' रोजचंच आहे. उलट कानडी मित्राला चटकन कळलं, त्यांच्याकडेही 'होगि बर्तीनि', जाऊन येतो, असंच म्हणतात. तेव्हा वाचणारा कोण हे बघा. आणि असा शब्द एका कथेत एकच ठेवा, दुसरा आला की पहिल्याचं बळ जातं.

मित्राचा गेल्या महिन्यात फोन आला होता. तो एका हौशी मंडळासाठी तीच एकांकिका पुन्हा बसवतोय. म्हणाला, आता तरी शेवटी दोन वाक्यं घाल, हल्लीच्या प्रेक्षकाला कळायला हवं. मी वाक्यं दिली नाहीत. आधीचे चार 'येतो' पेन्सिलने अधोरेखित केले आणि संहिता तशीच त्याला पाठवली.