परकराची नाडी आणि पित्ताच्या गोळ्या

प्रश्न : मी कपिलतीर्थ मंडईत भाजी विकते. वय 54. दिवाळीपासून पोट फुगतंय. परकराची नाडी पुरत नाही, हातापायाच्या मात्र काड्या झाल्यात. अर्धी भाकरी खाल्ली की गळ्याशी येतं. सारखी लघवीला लागते. मंडईत बाईमाणसाला ते किती अवघड, काय सांगू! गल्लीतल्या डॉक्टरांनी चार महिने पित्ताच्या गोळ्या दिल्या. मावशी अंडाशयाच्या कॅन्सरनं गेली. पण गेल्या साली शिबिरात पिशवीच्या तोंडाची तपासणी चांगली आली होती. मग भ्यायचं कारण नाही ना?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ताई, ती तपासणी गर्भाशयाच्या मुखाची. अंडाशयाच्या कॅन्सरचा छडा तिच्यात लागत नाही. तुमची लक्षणं अपचनासारखी दिसतात खरी, म्हणूनच बहुतेकींचं निदान उशिरा होतं. पण चार महिने गोळ्या? पोटाला हात तरी लावून बघितला का कुणी?

याच आठवड्यात सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या स्त्रीरोग विभागात जा. पोटाची सोनोग्राफी आणि सीए-125 ही रक्ताची तपासणी करायला सांगतील. हा आकडा पोटाच्या टीबीतही वाढतो, त्यामुळे नुसता कागद बघून रडत बसू नका. मावशीचं आवर्जून सांगा. या कॅन्सरचा धोका वाढवणारा बीआरसीए जनुकातला दोष आई किंवा वडील, दोघांकडूनही येऊ शकतो. कॅन्सर निघालाच तर ऑपरेशन आणि केमो, दोन्ही लागू शकतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशन कार्ड, आधार सोबत ठेवा. आणि त्या दिवशी टोपली सुनेकडे द्या.