टेबलाच्या त्या बाजूला

अनेक आशीर्वाद.

इंग्रजी साहित्य आणि सर्जनशील लेखन या जोडअभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्याचं कळलं, फार आनंद झाला. त्यात एक वर्ष प्रत्यक्ष कामाचं आहे. ते घ्यावं की तोच वेळ कादंबरीला द्यावा, असं तू विचारलं आहेस. घे. पण केवळ पुढे नोकरी मिळावी म्हणून घेतलंस, तर त्याचा निम्माच उपयोग होईल. लेखक म्हणून घे.

लेखन शिकवता येतं का, हा प्रश्न तुला घरीदारी ऐकावा लागेल. त्या वादात शिरू नकोस. अमेरिकेत आयोवा विद्यापीठाची लेखन कार्यशाळा १९३६ पासून चालू आहे. इंग्लंडमध्ये ईस्ट अँग्लिया विद्यापीठात माल्कम ब्रॅडबरी आणि अँगस विल्सन यांनी १९७० मध्ये लेखनाचं एम.ए. सुरू केलं. २०१७ चं नोबेल मिळालेले काझुओ इशिगुरो तिथेच शिकले. प्रतिभा वर्गात वाटली जात नाही हे खरंच, पण वर्गात मुदत मिळते आणि आपलं लिखाण मन लावून वाचणारी दहा-बारा माणसं मिळतात. पदवी हातात पडल्यावर अशी माणसं जमवणं किती अवघड असतं, ते तुला नंतर कळेल.

कार्यशाळेत बहुतेक ठिकाणी रीत अशी, की तुझ्या कथेवर चर्चा चालू असताना तू गप्प बसायचं. हे फार जड जातं. कुणी म्हणेल शेवट बदल, कुणी म्हणेल आईचं पात्रच काढून टाक. हे उपाय लगेच मनावर घेऊ नकोस. वाचणारा नेमका कुठे थांबला, कुठे त्याला मागे जाऊन पुन्हा वाचावं लागलं, तेवढं समासात टिपून ठेव. चार जण तिसऱ्या पानावर अडखळले, तर चौघांचे उपाय चार दिशांचे असले तरी तिसऱ्या पानावर काहीतरी बिघडलेलं आहे. दुरुस्ती काय करायची हे तुझं तू ठरव.

साहित्याचे तास परीक्षेपुरते ठेवू नकोस. जेन ऑस्टिनचा एखादा परिच्छेद घे आणि पेन्सिलने खुणा कर: निवेदकाचा आवाज कुठे संपतो, पात्राच्या मनातलं बोलणं कुठे सुरू होतं? कित्येकदा एकाच वाक्याच्या मध्यावर हा बदल होतो, अवतरणचिन्ह नाही, ‘तिला वाटलं’ नाही. मग त्याच युक्तीने स्वतःचं एक पान लिहून बघ. टीकाग्रंथातलं प्रकरण त्यानंतर वाच. ते भराभर समजेल. दोन विषय दोन वह्यांत ठेवण्याची सवय मला नुकसानीची वाटते.

आता कामाचं. मोठ्या नावाच्या मागे जाऊ नकोस. जिथे रोज मजकूर हाताखालून जातो अशी जागा शोध: प्रकाशनसंस्थेचा संपादन विभाग, एखादं लहानसं नियतकालिक, नाटकाच्या संहिता वाचणारी कचेरी, संग्रहालयात वस्तूंशेजारच्या पाट्या लिहिण्याचं काम. मुलाखतीत तूही विचार, की मी रोज काय करणार, माझं काम तपासणार कोण, आणि मानधन किती. वर्षभर फुकट राबवून घेणाऱ्या जागेला नाही म्हण. ‘अनुभव मिळतोय ना’ हे उत्तर मी तरी मान्य करत नाही.

मुद्रितशोधन वाट्याला आलं तर कंटाळू नकोस. छपाईसाठी पानं लागल्यावर लेखकाने एका परिच्छेदात दोन ओळी वाढवल्या, की पुढच्या ओळी सरकतात, परिच्छेदाची शेवटची ओळ एकटीच पुढच्या पानावर जाते, सूचीतले पृष्ठांक चुकतात. पुस्तक बहुधा सोळा पानांच्या फर्म्यांत, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेल्या पानांच्या संचांत, छापलं जातं, त्यामुळे एक पान वाढणंही महागात पडू शकतं. हे स्वतःच्या हातांनी निस्तरलं की हस्तलिखित देण्याआधी वाक्य पक्कं करण्याची शिस्त आपोआप अंगी येते. आणि आपणहून आलेल्या हस्तलिखितांवर अभिप्राय लिहायला मिळाला, तर ती संधी सोडू नकोस. पुस्तक कशाबद्दल आहे, कोण वाचेल, कुठे ढिलं पडतं, हे एका पानात सांगायचं असतं. असे अभिप्राय लिहिता लिहिता स्वतःच्या कथेकडेही परक्या नजरेने बघता येऊ लागतं. कार्यशाळेत तुझी कथा वाचणारे तुला ओळखतात. इथे टेबलाच्या त्या बाजूला बसलेल्याला लेखकाचा चेहराही माहीत नसतो.

अमेरिकन कादंबरीकार टोनी मॉरिसन यांनी १९५५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून एम.ए. केलं, प्रबंध व्हर्जिनिया वूल्फ आणि विल्यम फॉकनर यांच्यावर. पुढे रँडम हाउस या प्रकाशनसंस्थेच्या पाठ्यपुस्तक विभागात त्या संपादक म्हणून लागल्या, मग न्यूयॉर्कच्या मुख्य कचेरीत गेल्या. गेल जोन्स, टोनी केड बंबारा अशा कृष्णवर्णीय लेखिकांची पुस्तकं त्यांनी संपादित केली. १९७० मध्ये त्यांची पहिली कादंबरी आली तीही नोकरी करत असतानाच, आणि ती नोकरी त्यांनी १९८३ पर्यंत केली. वाचन, संपादन आणि लेखन ही तिन्ही कामं एकाच टेबलावर मांडता येतात, याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

कामाच्या वर्षात कादंबरी पुरी करण्याचा हट्ट धरू नकोस. सकाळचा अर्धा तास मात्र स्वतःचा ठेव. दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त केल्यावर संध्याकाळी आपलं वाक्य सुचत नाही.

अर्जात ‘लहानपणापासून वाचनाची आवड’ लिहू नकोस. प्रत्येक अर्जात ते असतं. अलीकडे वाचलेल्या एका पुस्तकातला एक बदल सुचव आणि तो का हवा ते पाच ओळींत मांड. मसुदा झाला की मला पाठव. मी आधी त्या पाच ओळीच वाचेन.