टूर्निके लावून की न लावता? आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनआधी विचारायच्या गोष्टी

ताई, तुमच्या प्रश्नाचा गाभा असा: आईंचं वय ६८, मधुमेह जुना, उजवा गुडघा पार झिजलेला, तो आता बदलायचा आहे. एक सर्जन म्हणाले, "आम्ही मांडीला टूर्निके बांधूनच करतो, रक्त जात नाही." दुसरे म्हणाले, "आम्ही तो लावतच नाही, नंतर दुखतं कमी." आता ऑपरेशन कुणाकडे करायचं, यावर घरात दोन तट पडलेत. मी भूलतज्ज्ञ आहे, सर्जन नाही. पण टूर्निके फुगवला किंवा सोडला की त्याचा परिणाम सगळ्यात आधी माझ्यासमोरच्या मॉनिटरवर दिसतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ही वस्तू काय आहे ते. रक्तदाब मोजताना दंडाला गुंडाळतात तसाच, पण रुंद आणि जाड कफ मांडीला वरच्या बाजूला बांधतात. खाली कापसाचं अस्तर असतं. पाय उंच धरतात किंवा पावलापासून वर रबरी पट्टी घट्ट गुंडाळत नेऊन पायातलं रक्त वर ढकलतात, मग मशीनने कफ फुगवतात. ती रबरी पट्टी ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) आजही 'एस्मार्क' म्हणूनच मागतात. १८७३ साली ही पद्धत रूढ करणाऱ्या जर्मन सर्जनचं ते नाव. हवेचा कफ अमेरिकन सर्जन हार्वे कुशिंगने १९०४ मध्ये वापरात आणला. एकदा कफ फुगला की सर्जनला हाडाचा कापलेला भाग स्वच्छ, कोरडा दिसतो. नवा सांधा हाडाला पक्का बसवणारं सिमेंट हाडाच्या बारीक छिद्रांत नीट शिरायला तो कोरडेपणा हवा, हा टूर्निकेच्या बाजूचा मुख्य मुद्दा आहे, आणि तो पोकळ नाही.

पण 'रक्त जात नाही' हे वाक्य जपून घ्या. ऑपरेशन चालू असताना जात नाही, हे खरं. कफ सोडल्यावर मात्र तासाभर आवळलेल्या पायात रक्त जोराने धावतं, आणि हाडातून, स्नायूंतून झिरपणारं रक्त सांध्यात आणि मांडीत साचतं. ते बाटलीत दिसत नाही, म्हणून हिशेबात धरलं जात नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हिमोग्लोबिन उतरलेलं येतं तेव्हा नातेवाईक विचारतात, "डॉक्टर तर म्हणाले होते रक्त गेलंच नाही?" सगळं मिळून गेलेलं रक्त मोजलं तर दोन्ही पद्धतींतला फरक पुष्कळ कमी होतो. त्यात आता ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड हे इंजेक्शन सर्रास वापरलं जातं. कापण्याआधी शिरेतून दिलं की रक्तस्राव चांगलाच आटोक्यात राहतो. माझ्या मते टूर्निकेशिवाय काम करणं सर्जनना जमू लागलं, त्यात या स्वस्त औषधाचा मोठा वाटा आहे. आईंना कधी हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा पायात रक्ताची गुठळी झाली असेल तर ते आधीच सांगा. मग हे औषध विचार करूनच दिलं जातं.

आता माझ्या बाजूला काय दिसतं ते. स्पायनल (कमरेखालचा भाग बधिर करणारी, पाठीतून दिलेली भूल) दिलेली असली तरी पाऊण-एक तासाने काही पेशंट कुरकुरायला लागतात. जखमेचं दुखणं नसतं ते, मांडीत खोलवर काहीतरी आवळल्यासारखं वाटतं, नीट सांगताही येत नाही. पूर्ण भूल दिलेली असेल तर पेशंट बोलत नाही, पण त्याच सुमाराला रक्तदाब आणि नाडी हळूहळू चढत जाते. आणि कफ सोडायची वेळ येते तेव्हा मी सर्जनना सांगते, "सोडायच्या आधी मला सांगा." पायात अडकून पडलेलं रक्त आम्ल आणि पोटॅशियम घेऊन एकदम हृदयाकडे परततं. श्वासातला कार्बन डायऑक्साइडचा आकडा बघता बघता चढतो, वरचं प्रेशर घसरतं. धडधाकट माणसाला काही मिनिटांत सावरता येतं, मी सलाईन आणि औषध तयार ठेवलेलं असतं. पण हृदय कमकुवत असेल, किंवा आपल्याकडे पुष्कळदा करतात तसे दोन्ही गुडघे एका बैठकीत बदलत असतील, तर ही घसरण मला अजिबात आवडत नाही. तेव्हा दोन्ही कफ एका वेळी सोडू नयेत. दुसऱ्या पायाचा सोडण्याआधी पेशंटला सावरायला वेळ द्यावा.

अभ्यास काय सांगतात? २०२० मध्ये कॉक्रेन या, जगभरच्या वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेचा मोठा आढावा आला. ४१ चाचण्या, २,८१९ पेशंट. टूर्निके लावलेल्यांना पहिल्या दिवशी दुखणं १० पैकी साधारण सव्वा गुणाने जास्त होतं, आणि गंभीर गुंतागुंतीचं प्रमाण जवळपास पावणेदोन पट. ऑपरेशनचा वेळ वाचला तो चारेक मिनिटं. पावणेदोन पट वाचून घाबरू नका, मुळातलं प्रमाण शेकड्यात दोन-चार असंच आहे. पण चार मिनिटांसाठी एवढी किंमत कशाला, असं मला मनापासून वाटतं. सिमेंट पक्कं बसण्याच्या बाबतीत स्वीडनमधल्या एका गटाने २०१२ मध्ये खास एक्स-रे तंत्राने सांध्याची सूक्ष्म हालचाल दोन वर्षं मोजली. टूर्निकेमुळे पकड काही जास्त घट्ट झाली नव्हती. उलट टूर्निके लावलेल्यांचा गुडघा शेवटी कमी वाकत होता. २०१६ चा एक अमेरिकन अभ्यास छोटा होता, पण मला फार पटला: एकाच पेशंटचा एक गुडघा टूर्निके लावून आणि दुसरा न लावता. मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद तीन महिन्यांपर्यंत टूर्निकेच्या पायात थोडी कमी राहिली. थोडीच, पण पहिल्या महिन्यात संडासातून उठताना आणि जिना चढताना तोच स्नायू लागतो. वॉर्डात राऊंडला गेलं की "गुडघ्यापेक्षा मांडीच जास्त ठणकते हो" असं पेशंट सांगतात, ते उगीच नाही.

मग दुसरेच सर्जन बरोबर का? थांबा. यात मधला रस्ताही आहे आणि बरेच जण तोच घेतात: सुरुवातीपासून कफ न फुगवता फक्त सिमेंट भरताना, ते घट्ट होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं फुगवायचा. शिवाय, जो सर्जन वर्षानुवर्षं टूर्निके लावून उत्तम गुडघे बसवतोय, त्याला तुमच्या आग्रहाखातर पहिल्यांदाच तो न लावता करायला लावू नका. रक्त टिपत, शिरा एकेक जाळून बंद करत काम करण्याची सवय हाताला लागावी लागते, आणि ओटीतल्या सगळ्या टीमलाही. मांडीच्या पट्ट्यावरून सर्जन निवडू नये, हे माझं ठाम मत. हाडांचा अंदाज, जंतुसंसर्ग टाळण्याची शिस्त, दुसऱ्याच दिवशी पेशंटला उभं करणारी फिजिओची माणसं, यांचं वजन कितीतरी जास्त आहे.

तुमच्या आईंच्या बाबतीत मला खरी काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. तुम्ही लिहिलंय की त्यांच्या तळपायांना मुंग्या येतात आणि थोडं चाललं की पोटऱ्या भरून येतात. मुंग्या मधुमेहाने नसा नाजूक झाल्यामुळे असतील, आणि अशा नसा कफच्या दाबाने लवकर दुखावतात. पोटऱ्या भरून येणं मणक्यामुळे असू शकतं, पण पायाच्या धमन्या अरुंद झाल्यामुळेही असू शकतं, आणि हे ऑपरेशनआधी कळायलाच हवं. गुडघ्याचा एक्स-रे बाजूने काढलेला असेल तर तो उजेडात धरा. हाडाच्या मागे रेल्वेच्या रुळांसारख्या दोन पांढऱ्या समांतर रेषा दिसल्या, तर धमनीच्या भिंतीत चुना साचलेला आहे. अशी कडक धमनी कफने नीट दबत नाही. मग धमनीतून रक्त येत राहतं आणि शिरा मात्र बंद, म्हणजे टूर्निके लावून रक्तस्राव उलट वाढतो. त्यातून धमनीतला थर फुटून खाली पायाचा रक्तपुरवठाच अडला, तर प्रश्न पाय वाचवण्याचा होतो. हे क्वचित घडतं, पण घडतं. म्हणून पायाची नाडी हाताने तपासून घ्या, घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचं प्रमाण काढायला सांगा. ते ०.९ च्या खाली असेल, किंवा नाडी लागत नसेल, तर डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करून रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांचं मत घ्या. मधुमेहात चुन्यामुळे हा आकडा खोटा चांगला येऊ शकतो, तेव्हा आकड्याबरोबर एक्स-रेही दाखवा. पायाच्या धमनीत आधी स्टेंट किंवा बायपास झाला असेल तर त्या पायाला टूर्निके नको, असं मी स्पष्ट सांगते.

इथे विदर्भातले आणि नंदुरबारकडचेही बरेच जण वाचतात म्हणून लिहिते: घरात कुणाला सिकलसेल हा आनुवंशिक रक्ताचा आजार असेल तर स्वतःची तपासणी केल्याशिवाय टूर्निकेला होकार देऊ नका. ऑक्सिजन कमी आणि आम्ल जास्त, अशा अवस्थेतच त्या रक्तपेशी वाकड्या होऊन अडकतात, आणि कफखाली बंद पडलेल्या पायात नेमकी तीच अवस्था असते.

सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांनाही विचारा की कफ किती दाबावर फुगवणार. "सगळ्यांना ३०० वर" हे उत्तर मला चालत नाही. मांडीसाठी आईंच्या वरच्या प्रेशरपेक्षा १०० ते १५० ने जास्त, हा जुना ठोकताळा. त्याहून चांगलं म्हणजे पायातला रक्तप्रवाह नेमका कितीवर थांबतो ते मोजायचं आणि त्यात ४० ते ८० मिळवायचे. रुंद कफला कमी दाब पुरतो. वेळ दीड तासाच्या आत असावी, दोन तासांपलीकडे तर नाहीच. आणि अँटिबायोटिक कफ फुगवण्याच्या निदान दहा मिनिटं आधी शिरेतून गेलेलं असावं. नंतर दिलं तर ते गुडघ्यापर्यंत पोहोचणारच कसं? ओटीच्या गडबडीत नेमकं हेच मागेपुढे होतं, म्हणून मी त्यावर डोळा ठेवून असते.

ऑपरेशननंतर स्पायनलचा असर उतरला की आईंना घोट्यातून पाऊल वर उचलायला सांगा. उचलता येत नसेल, पाऊल गार किंवा फिकट वाटत असेल, किंवा पोटरी दगडासारखी ताठून वेदना गोळीने हटत नसतील, तर सकाळच्या राऊंडची वाट बघू नका, लगेच सिस्टरना बोलवा. मांडीवर कफच्या जागी फोड किंवा लाल चट्टा दिसला तर तेही दाखवा. साफसफाईचं औषध कफखाली झिरपून राहिलं की तिथली कातडी भाजते.

पुढच्या भेटीला एक्स-रेच्या फिल्म, तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर स्वतःहून बंद करू नका, किती दिवस आधी थांबवायची ते भूलतज्ज्ञ सांगतील. डॉप्लरचा रिपोर्ट आला की इथे लिहा, मी बघते.